नमुना हातातून जाण्याआधी : परदेशी भागीदारीचा साधा हिशेब

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात जे होतं, ते कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या शाळकरी पोरानंही कोल्हापुरी चप्पल म्हणून लांबून ओळखलं असतं. कंपनीच्या वर्णनात मात्र ते फक्त ‘चामड्याचे सँडल’ होते. पुढचे कित्येक दिवस कोल्हापुरात एकच प्रश्न फिरत होता: आपल्या चपलेला जीआय आहे, मग हे झालंच कसं?

उत्तर कायद्यात आहे आणि ते थोडं कडू आहे. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, नावाची राखण करतं. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव फक्त आठ जिल्ह्यांत बनलेल्या मालाला लावता येतं: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तळ, कान, पट्टा, अंगठा यांच्या घडणीवर जीआयचा हक्क चालत नाही. मिलानमध्ये नाव घेतलंच नव्हतं, आणि लोकांची तक्रार नेमकी तीच होती. नाव चुकीच्या मालाला लावलं तर जीआय कायदा धावून येतो. नाव गाळलं तर त्याच्या हातात काही नसतं.

दुसरी मर्यादा हद्दीची. भारतातली जीआय नोंदणी भारतापुरती. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारात जास्तीचं संरक्षण वाइन आणि मद्यांना दिलंय, चपलांना नाही. युरोपात हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी वेगळी जीआय व्यवस्था १ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. युरोपबाहेरच्या उत्पादक गटालाही तिथे अर्ज करता येतो, पण अर्ज करेपर्यंत आणि तो मंजूर होईपर्यंत युरोपात आपलं नाव उघड्यावरच असतं.

तिसरी गोष्ट कोर्टात स्पष्ट झाली. या प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते, आणि दाद मागायची तर ती मालकांनी मागायची. मालक आहेत दोन सरकारी महामंडळं: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ (लिडकर). कारागिराला स्वतःला कायद्यात पाय रोवायचा असेल, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. चपलेवर पिढ्या घालवल्या पण हा अर्ज केला नाही, तर तुम्ही कारागीर आहात, हक्कदार नाही. हे पहिलं काम. शुल्क नाममात्र आहे. कंटाळा येतो तो कागदपत्रं गोळा करण्याचा.

प्राडाने नंतर भारतीय प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार झाला. तेव्हा जाहीर झालेला तपशील असा: २,००० जोड इथे बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, आणि सोबत कारागिरांचं प्रशिक्षण. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोतही असंच घडलं. आदिदासच्या एका सँडलची वीण ओआहाका राज्यातल्या यालालाग गावच्या ‘वाराचे’ या पारंपरिक सँडलसारखी निघाली, आणि ऑगस्टमध्ये कंपनीच्या माणसांना गावात जाऊन माफी मागावी लागली.

दोन्हीकडे बोलणी आधी गाजावाजा आणि मग कागद अशा उलट्या क्रमानं झाली. प्रत्येक कारागिराच्या किंवा कलापथकाच्या वाट्याला एवढा गाजावाजा येत नाही. बाकीच्यांची समोरच्याशी बरोबरी ठरते ती नमुना हातातून जाण्याआधीच्या पंधरा दिवसांत. तोवर समोरच्याला तुमची गरज असते. नमुना, रेकॉर्डिंग किंवा डिझाइनची फाइल पोहोचली, की गरज कमी होते आणि तुमची घासाघीस करण्याची ताकदही.

नमुना पाठवण्याआधी

परदेशी खरेदीदार सहसा गोड बोलून सुरुवात करतो: “दोन-तीन सॅम्पल पाठवा, बघूया.” इथे चार गोष्टी ई-मेलवर लिहून घ्यायच्या. वकील लागत नाही.

नमुना फुकट नसतो. एकेक जोड नव्या मापानं, नव्या रंगानं करायची म्हणजे नेहमीच्या जोडीपेक्षा दोन-तीनपट वेळ जातो. नमुन्याचे पैसे आधी घ्यावेत आणि ऑर्डर आली तर त्यातून वजा करावेत. ज्याला खरंच माल हवा असतो तो याला नाही म्हणत नाही. त्यामुळे चाळणीही आपोआप लागते.

नमुना गोपनीयतेच्या बोलीवर पाठवायचा. याला वेगळं कारण आहे. कोल्हापुरीचा जुना घाट कुणाच्याच नावावर नोंदता येत नाही, कारण त्यात नवीन काही नाही. पण तुम्ही वेणीची नवी गुंफण काढली असेल, तर डिझाइन कायदा २००० खाली तिची नोंदणी होते: आधी १० वर्षं, वाढवून आणखी ५. अट एकच, की नोंदणीआधी ती जगासमोर आलेली नसावी. विश्वासाने, गुप्ततेच्या बोलीवर दाखवलेली वस्तू ‘जगासमोर आली’ असं कायदा मानत नाही. इन्स्टाग्रामवर टाकलेली मात्र मानतो. नवीन डिझाइनची रील टाकून मग नोंदणीला जाणारे बरेच असतात. आणखी एक खाच: नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि यंत्राच्या किंवा तशा औद्योगिक पद्धतीनं त्याच्या ५० हून जास्त प्रती काढल्या, की त्याच्यावरचा कॉपीराइटही संपतो. म्हणजे “कॉपीराइट आहे ना आपला” हा भरवसा एकावन्नाव्या प्रतीला सुटतो.

नावाची ओळ शब्दशः ठरवायची. “कारागिरांना श्रेय दिलं जाईल” ही ओळ निरुपयोगी आहे, कारण कुठे आणि किती मोठ्या अक्षरात हे त्यात नाही. उपयोगी ओळ अशी असते: “प्रत्येक जोडीच्या तळावर, पेटीवर आणि वेबसाइटवर वस्तूच्या नावाखाली पहिल्याच ओळीत ‘कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूर, भारत येथे हातानं बनवलेली’ हा मजकूर असेल, शो आणि पत्रकांतही तोच वापरला जाईल.” जीआयचं नाव छापायचं तर माल आठ जिल्ह्यांतलाच हवा आणि करणारा अधिकृत वापरकर्ता हवा. जीआय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मानांकन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, परवान्यावरही देता येत नाही. इटलीत बनवलेल्या चपलेला तुम्ही ‘कोल्हापुरी’ म्हणण्याची मुभा पैसे घेऊन दिली, तर ती मुभा आपल्या कायद्यात शून्य. कुणी असा कागद पुढे केला तर सही न करणंच शहाणपणाचं.

चौथी गोष्ट म्हणजे नमुना परत कुणाचा. ऑर्डर आली नाही तर ३० दिवसांत नमुने, फर्मे (साचे) आणि फोटो यांचं काय करायचं ते लिहून ठेवा.

भाव कुठून काढायचा

इथे आपली माणसं सर्वांत जास्त मार खातात, म्हणून जरा सविस्तर.

चप्पल लाइनीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या चप्पल बाजारातल्या, भावावर थोडं चढवून परदेशी भाव सांगायचा, ही सवय घातक आहे. लाइनीतला भाव घरच्या न मोजलेल्या श्रमांवर उभा असतो. वेणी घालणं, पट्ट्यावर छिद्रं पाडणं, गोंडे लावणं हे काम घरातल्या बायका करतात, आणि ते कुणाच्या वहीत नसतं. भाव खालून वर काढायचा. आकडे समजण्यापुरते:

समजा, एका जोडीला चामडं, वादी, गोंडे आणि रंग मिळून ६०० रुपये. कापणी, तळ, शिलाईचे १० तास आणि वेणीचे ३ तास. तासाला १२० रुपये धरले तर १३ तासांचे १,५६०. झाले २,१६०. जागा, वीज, आरी-रापीची झीज यांचे दहा टक्के, २१६. बाद होणाऱ्या मालाचे पाच टक्के, सुमारे ११९. आता २,४९५. ऑर्डर ३०० जोडांची आहे. नमुन्यांवर ३०,००० आणि प्रयोगशाळा तपासणी-कागदपत्रांवर ४५,००० गेले, तर जोडीमागे १०० आणि १५०. एकूण २,७४५. वर २० टक्के नफा, ५४९. भाव आला ३,२९४ रुपये.

आता खरेदीदार म्हणाला, “३०० नको, आधी १०० द्या, भाव तोच ठेवा.” तोच ७५,००० चा खर्च १०० जोडांवर पडला की जोडीमागे ७५० होतात. भाव ३,८९४ वर जातो. ३,२९४ मध्येच माल दिलात तर जोडीमागे ६०० रुपयांचं खोबरं. म्हणून भाव एकटा कधीच लिहायचा नाही. तो नगांच्या टप्प्यांसह लिहायचा: १०० पर्यंत हा, २५० पर्यंत हा, त्यापुढे हा.

त्याच वेळी विक्रीतल्या वाट्याचं बोलणं निघालं, तर टक्क्यापेक्षा तो कशावर आहे ते बघा. दुकानातली किंमत ४०० युरो धरली, तर तिच्या २ टक्के म्हणजे ८ युरो. तोच २ टक्के १६० युरोच्या घाऊक किमतीवर ३ युरो २० सेंट. आणि ‘निव्वळ उत्पन्नावर’ लिहिलं असेल, तर जाहिरात, वाहतूक, परत आलेला माल सगळं वजा होऊन हातात काय येईल ते समोरच्याची वहीच ठरवते. वाटा दुकानातल्या किमतीवर मागावा, नाहीतर जोडीमागे ठोक रक्कम घ्यावी. वर्षातून एकदा हिशेब तपासण्याचा हक्क लिहून घ्यावा, आणि फरक पाच टक्क्यांहून जास्त निघाला तर तपासणीचा खर्च त्यांचा, हेही.

पैशाचं वेळापत्रक: ऑर्डरबरोबर ५० टक्के उचल, माल निघताना ४०, पोहोचल्यावर ३० दिवसांत १०. “माल विकल्यावर पैसे” याला आपल्याकडे उधारी म्हणतात, तिकडे कितीही छान नाव असलं तरी. देशातल्या खरेदीदारानं लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवले तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली तक्रार करता येते. मिलान किंवा पॅरिसच्या खरेदीदारावर तो कायदा चालत नाही, म्हणून उचल हेच खरं संरक्षण. बिल युरोत केलं तर बँकांचे शुल्क कोण भरणार तेही लिहा. नाहीतर मधल्या दोन बँका आपापला तुकडा घेतात आणि ५,००० युरोच्या जागी थोडे कमीच येतात. निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक (सरकारी शुल्क ५०० रुपये) लागतो, आणि जीएसटी नोंदणी असेल तर दर वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं. ते राहिलं तर आधी कर भरा आणि मग परताव्यामागे धावा.

माल परत येतो तो कशामुळे

हातानं केलेल्या वस्तूत फरक असतो, आणि कारखान्याच्या मोजपट्टीनं तपासलं तर चांगला माल नापास होतो. ऑर्डर सुरू होण्याआधी दोन नमुने दोघांच्या सहीनं सीलबंद करायचे: एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. मान्य फरक मिलिमीटरमध्ये लिहायचा. रंगासाठी एका छटेऐवजी फिक्यापासून गडदपर्यंत तीन छटांचे तुकडे जोडायचे. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं चामडं उजेडात गडद होत जातं. हा दोष नव्हे, हे कराराला कळलं पाहिजे. नवीन चपलेच्या करकरीचंही तसंच. आपण त्याच आवाजावर भाव सांगतो. युरोपातला ग्राहक तक्रार नोंदवतो. तपासणी कोल्हापुरातच, पेटी बंद होण्याआधी व्हावी. एकदा पास झालेला माल तिकडे गेल्यावर नापास करता येणार नाही, ही ओळ सोडू नका.

युरोपात चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-६ (क्रोमियमचं अपायकारक रूप) किलोला ३ मिलिग्रॅमच्या खाली लागतं. वनस्पतीनं कमावलेल्या चामड्यात क्रोमियम वापरलेलंच नसतं, ही आपली जमेची बाजू. पण वरच्या पट्ट्यासाठी बाजारातलं तयार क्रोम-कमावलेलं चामडं घेतलं, तर पूर्ण जोड अडकू शकते. काही अॅझो रंगांवरही मर्यादा आहे. सर्वांत अनपेक्षित अडचण पावसाळ्याची. जून-जुलैत बांधलेल्या पेट्यांत बुरशी धरते, म्हणून कुणीतरी बुरशीरोधक पुड्या टाकतं. त्यांत डायमिथाइल फ्युमरेट हे बुरशीनाशक रसायन निघालं तर माल युरोपच्या बंदरातच थांबतो, कारण तिथे त्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. साधी सिलिका जेल वापरा, आणि शक्यतो मुदतच अशी घ्या की चामडं सुकवणं आणि पॅकिंग ऑक्टोबरनंतर येईल. बेंदूर ते दिवाळी या काळात कोल्हापुरात आठवड्याचे किती दिवस खरे कामाचे असतात ते परदेशी माणसाला माहीत नसतं. आपल्याला माहीत असूनही आपण “होऊन जाईल” म्हणतो. उशीर झाला तर दंड किती आणि कमाल किती, हे आकड्यात बांधून घ्या. त्यांच्याकडून मंजुरी उशिरा आली तर आपली मुदत तेवढेच दिवस पुढे सरकेल, हे त्याच कलमात.

सही कोण करणार

परदेशी कंपनीला एक माणूस हवा असतो. तीस घरांशी ती बोलत नाही. म्हणून मध्ये व्यापारी, संस्था किंवा महामंडळ येतं, आणि बहुतेक अन्याय समुद्रापलीकडे न होता याच मधल्या पायरीवर होतो. मध्यस्थ वाईट असतो असं नाही. भांडवल, इंग्रजी पत्रव्यवहार, जोखीम तो घेतो. त्याचा वाटा हवाच. फक्त तो उघड हवा. करारासोबत एक परिशिष्ट जोडा: कोणत्या कामाला जोडीमागे किती मजुरी, ती किती दिवसांत, कुणाच्या खात्यावर. वेणी घालणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं स्वतःचं बँक खातं त्या यादीत असावं. परदेशी भागीदाराला ‘नैतिक’ माल दाखवायचा असतो, तेव्हा हे परिशिष्ट त्यालाही हवंच असतं. त्याचा फायदा घ्या.

नाटक, पोवाडा, मर्दानी खेळ

कलापथकांचा मामला वेगळा, कारण तिथे वस्तू जात नाही, माणसं जातात आणि रेकॉर्डिंग तिकडेच राहतं.

आधी पैशाचा प्रकार ओळखा. परदेशी संस्था ‘अनुदान’ देते की ‘बिदागी’? शब्दाचा फरक दिसतो लहान, परिणाम मोठा. परदेशी अनुदान घ्यायचं तर परदेशी योगदान (नियमन) कायदा २०१०, म्हणजे एफसीआरए, लागू होतो, आणि त्या कायद्यात ‘सांस्कृतिक’ कार्यक्रम हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली लागते. नाहीतर एकेका प्रकल्पासाठी पूर्वपरवानगी. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे वाटताही येत नाहीत. पुण्यातल्या नोंदणीकृत संस्थेनं अनुदान घेऊन त्यातला हिस्सा कोल्हापूरच्या मंडळाला द्यायचा, हा पूर्वीचा सोपा मार्ग त्यामुळे बंद झाला. उलट, नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेची फी यात मोडत नाही. कार्यक्रम करायचा आणि बिल द्यायचं असेल तर करार सेवेचा करा आणि त्यात ‘अनुदान’, ‘देणगी’ हे शब्द येऊ देऊ नका. अर्थात काम खरंच सेवेचं असेल तरच. नुसतं नाव बदलून कायदा चुकत नाही, आणि खाती तपासणारे मूर्ख नसतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसानं मदत दिली तर त्याचा पासपोर्ट बघा: भारतीय असेल आणि पैसे त्याच्या बचतीतले, बँकेतून आले असतील तर ते परदेशी योगदान धरत नाहीत, नागरिकत्व बदललं असेल तर धरतात.

सुपारी ठरवताना तिकिटाच्या पलीकडे बघा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी, आणि बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबईची फेरी. दहा जणांचं पथक असेल तर फक्त व्हिसाचे ९०० युरो. व्हिसा नाकारला तर हा खर्च कुणाचा? बहुतेक करार यावर गप्प असतात, आणि मग तो पथकप्रमुखाच्या अंगावर पडतो. दांडपट्टा, तलवार, लेझीम, ढोल-हलगी तात्पुरती नेऊन परत आणायची तर एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा कागद घ्या. भारतात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, एक वर्ष चालतो, आणि जिथे चालतो तिथे सीमाशुल्क वाचतं. दांडपट्ट्याबद्दल मात्र त्या देशाचा शस्त्र कायदा यजमानानं आधी तपासून पत्र द्यायला हवं. विमानतळावर “हा खेळ आहे हो” कुणी ऐकत नाही.

कर तिथल्या तिथे कापला जातो. जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारण १५.८ टक्के, ब्रिटनमध्ये २० टक्के. ठरलेली बिदागी करापूर्वीची की हातात येणारी, हे एका शब्दात लिहा आणि कर कापल्याचा दाखला मागून घ्या. तो असेल तर इथे त्याच उत्पन्नावरच्या करात वजावट मागता येते.

आणि रेकॉर्डिंग. कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात “सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे” असं लिहिलेलं असतं. विश्वात! चंद्रावर पोवाडा लागला तरी शाहिराला पैसे नाहीत. आपला कॉपीराइट कायदा कलाकाराच्या बाजूनं बराच झुकलेला आहे: हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, हद्द लिहिली नसेल तर भारत, वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत, आणि सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षं. पोवाड्याची जुनी चाल कुणाची नसली तरी तुमचं सादरीकरण तुमचं असतं. अडचण ही की करारावर जर्मन किंवा इंग्लिश कायदा लावला, तर हे सगळं कवच घरीच राहतं. म्हणून परवानगी मोजून द्या: हा एक कार्यक्रम, ही एक वेबसाइट, दोन वर्षं, तीन मिनिटांपर्यंतची क्लिप. आवाज, चेहरा, हालचाली कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरणार नाही, ही ओळ आता वेगळी लिहावी लागते.

सिनेमाबद्दल थोडक्यात. भारताचे इटली, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन वगैरे देशांशी सहनिर्मितीचे करार आहेत. त्यांत बसलेला चित्रपट दोन्ही देशांत ‘स्वदेशी’ धरला जातो आणि दोन्हीकडच्या सवलतींना पात्र ठरतो. पण कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीच्या चित्रनगरीत येऊन तीन आठवडे चित्रीकरण करणारी परदेशी कंपनी तुमची सहनिर्माती होत नाही. ती गिऱ्हाईक असते. गिऱ्हाइकाकडून भाडं आणि मजुरी घ्यावी, आणि सहनिर्माता म्हणवणाऱ्याकडून मूळ निगेटिव्हच्या मालकीत हिस्सा.

बिनसलं तर

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, चार दशकांहून जास्त चाललेल्या आंदोलनानंतर. आणि करारात लिहिलेलं असतं: “वाद मिलानच्या न्यायालयात.” तीन लाखांच्या थकबाकीसाठी मिलानला कोण जातंय? इटलीच्या कोर्टाचा निकाल भारतात आणि आपल्या कोर्टाचा इटलीत सरळ बजावता येत नाही, म्हणून लवाद लिहावा. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा दोन्हीकडे चालतो. ठिकाण मुंबई, किंवा दोघांना लांब असं तिसरं. लवाद एकच माणूस, सुनावणी ऑनलाइन, आणि त्याआधी ३० दिवस मध्यस्थीचा प्रयत्न. लहान रकमेला लवादही महाग पडतो, तिथे पुन्हा उचलच कामाला येते.

बाहेर पडायची वाटही आत शिरताना ठरवा. मुदत एक-दोन वर्षांची. “फक्त तुमच्याशीच धंदा” ही अट असेल तर तिच्या बदल्यात वर्षाला किमान इतक्या जोडांची हमी, आणि हमी मोडली की अटही मोडली. करार संपल्यावर फर्मे आणि नक्षीचे कागद परत. उरलेला माल विकायला सहा महिने. त्यानंतर तीच वेणी त्यांनी दुसऱ्या देशातल्या कारखान्यात करून घेतली तर किती भरपाई, तो आकडा आजच लिहून ठेवायचा.

समोरचा म्हणेल, एवढं कशाला, विश्वास आहे ना. त्याला सांगता येतं की ही कटकट फक्त आपली नाही. युनेस्कोच्या सांस्कृतिक विविधतेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय करारात श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या कलाकारांना आणि सांस्कृतिक वस्तूंना झुकतं माप द्यावं असं कलम १६ सांगतं. भारत त्यात २००६ पासून आहे, युरोपीय संघही आहे. त्या कलमावर कोर्टात दावा करता येत नाही, पण युरोपातल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या महोत्सवाला किंवा संग्रहालयाला व्हिसाचा खर्च उचला, बिदागी आधी द्या असं म्हणताना त्याचा दाखला चांगला चालतो.

शेवटी कागदाचं. करार इंग्रजीत असेल तर त्याचं मराठी भाषांतर करून त्यावरही दोघांच्या सह्या घ्या आणि दोन्हींत फरक निघाला तर कोणता खरा धरायचा ते लिहा. ज्यांच्या हातचं काम आहे त्या सगळ्यांसमोर मराठी प्रत एकदा मोठ्यानं वाचून काढा. मजुरीच्या परिशिष्टातल्या चुका तिथेच सापडतात. सही परदेशात झालेली असेल तर कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते राहिलं तर दंडासह भरेपर्यंत तो कागद कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही, म्हणून कुरिअरच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा.